तीस वर्षांचा मजकूर, दीडशे शब्दांची जागा

पत्र: नमस्कार. आमची बी.एस्सी.ची १९९६ची बॅच, गंगापूर रोडवरचं कॉलेज. येत्या डिसेंबरात तीस वर्षांचं स्नेहसंमेलन आहे. त्यासाठी कोण कुठे आहे, कोणी काय केलं अशी स्मरणिका काढायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. यादीत ७४ जण आहेत. ग्रुपवर तीनदा आवाहन केलं, पण १९ जणांनीच माहिती पाठवली. न्यू जर्सीच्या एका मित्राने दीड पानाचा इंग्रजी बायोडेटा पाठवला, तो मी नमुना म्हणून सगळ्यांना दाखवला. पिंपळगावचा मित्र म्हणतो, माझी द्राक्षबाग आहे, त्यात लिहायचं काय. एक मैत्रीण म्हणते, माझं नावच गाळ. तिघे आता हयात नाहीत. आणि माझा स्वतःचा मजकूर? बी.एड. केलं, पाच वर्षं शिकवलं, नोकरी सोडली, आता घरी शिकवण्या घेते. लिहिण्यासारखं काही नाही. काय करू? – इंदिरानगर, नाशिक

ताई, तुमचं काम अडलंय ते त्या नमुन्यापाशी. लोक आळशी आहेत म्हणून उत्तरं येत नाहीत असं समजू नका. दीड पान इंग्रजी, त्यात आठ पदं आणि चार पुरस्कार, हे वाचून उरलेल्यांनी आपापल्या मनात हिशेब केला आणि फोन बाजूला ठेवला. पिंपळगावच्या मित्राचं ‘त्यात लिहायचं काय’ हे त्याच हिशेबातून आलं आहे आणि तुमचं ‘लिहिण्यासारखं काही नाही’ हेसुद्धा. ज्याच्या शेजारी तीन वर्षं प्रॅक्टिकलला उभे राहिलो त्याला आपलं काय झालं हे कळावं, एवढ्यासाठी स्मरणिका असते. बायोडेटा नोकरी देणाऱ्यासाठी लिहिला जातो. तिथे पद, कंपनी, पगाराची पायरी लागते. इथे वाचणाऱ्याला तुम्ही कोणत्या वळणावर कुठे वळलात आणि का, ते हवं असतं.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. त्या मित्राला एकट्याला फोन करून सांगा की नमुना बदलते आहे, तुझा मजकूर स्मरणिकेच्या मापात बसवून तुला दाखवते. मग ग्रुपवर दोन नवे नमुने टाका. एक शेतकऱ्याचा, एक तुमचा स्वतःचा. दोन्ही दीडशे शब्दांच्या आत. मोठ्या पदावरच्या कोणाचाही मजकूर पहिल्या दहांत दाखवू नका. पहिले काही मजकूर ज्या मापाचे असतात त्याच मापाचे पुढचे येतात.

‘तुमची माहिती पाठवा’ हे आवाहन फार मोघम आहे. त्यावर माणूस एक तर ‘सध्या अमुक कंपनीत मॅनेजर, दोन मुलं’ असं एका ओळीत लिहितो, नाही तर बायोडेटा चिकटवतो. नेमके प्रश्न द्या, थोडे द्या. मी हे सहा देईन. कॉलेजात हजेरीला कोणतं नाव होतं आणि आज कोणतं आहे? सध्या राहायला कुठे, आणि तिथे कोणत्या सालापासून? निकाल लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षात काय केलं? त्यानंतर रस्ता बदलला असं एखादं साल कोणतं, आणि कशामुळे बदलला? आजच्या कामातली अशी एखादी गोष्ट सांगा, जी बाहेरच्याला माहीत नसते. आणि शेवटचा, बॅचमधल्या कोणाला किंवा त्यांच्या मुलांना कोणत्या बाबतीत तुम्हाला विचारता येईल?

तिसरा प्रश्न सर्वांत जास्त उपयोगी पडतो. १९९६-९७ या वर्षात जवळपास सगळे सारख्याच गोंधळात होते. कोणी बँकेच्या परीक्षा देत होतं, कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत टेम्पररी लागलं होतं, कोणी एम.एस्सी.च्या यादीची वाट बघत होतं, कोणाच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. तिथून लिहायला सुरुवात केली की संचालकाला आणि दुकानदाराला एकाच ओळीवरून निघावं लागतं. पदाचा प्रश्न मुद्दामच ठेवलेला नाही. ज्याला पद सांगायचं आहे तो न विचारता सांगतो आणि ज्याला पद नाही त्याला रिकामी चौकट बघावी लागत नाही. मुलांचाही प्रश्न नाही. ज्यांना मूल नाही, ज्यांचं गेलं, ज्यांचं मूल घरी रुसून बसलंय, त्या सगळ्यांना ती चौकट टोचते. ज्यांना सांगायचं आहे ते सांगतील.

प्रश्न मराठीतच द्या आणि उत्तर बोलून द्यायची सोय ठेवा. पन्नाशीच्या पुढची कितीतरी माणसं मोबाइलवर मराठी लिहायला कंटाळतात, पण चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज सहज पाठवतात. तो ऐकून तुम्ही किंवा मदतनीसाने उतरवून घ्यायचा. मोबाइलच्या कीबोर्डवरचं माइकचं बटण दाबून, मराठी भाषा निवडून आपणच वाक्यं बोललो की बराचसा मजकूर टाइप होऊन येतो. मात्र गावांची नावं, आडनावं आणि आकडे त्यात हमखास चुकतात, ते हाताने तपासा. गूगल फॉर्म ठेवायचा तर तो फक्त नाव, गाव, सालं आणि फोटोसाठी ठेवा. लांब उत्तरं फॉर्ममध्ये कोणी नीट लिहीत नाही. शिवाय फॉर्मवर फोटो चढवायला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं आणि तिथेच निम्मे लोक थांबतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवणं सोपं.

आता पिंपळगावचा मित्र. त्याला लिहून पाठव म्हणू नका, फोन करा आणि सालं विचारा. बाग स्वतःच्या मुळांवर होती ती डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या वेलाच्या मुळांवर कलम करून, कधी गेली? परदेशी माल पहिल्यांदा कधी गेला? कोणत्या वर्षी नुकसान झालं आणि कशाने? निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या कुठल्याही बागाइतदाराकडे या तीन प्रश्नांची उत्तरं असतात आणि त्यातूनच मजकूर उभा राहतो. समजा त्याने सांगितलं, तर तो असा काहीसा होईल:

‘१९९६, रसायनशास्त्र. एम.एस्सी.ला नंबर लागला होता, पण वडिलांचं ऑपरेशन आणि बागेची छाटणी एकाच महिन्यात आली. बागेत उतरलो तो आजतागायत. तेव्हा चार एकर थॉमसन द्राक्षं होती, २००१पासून डॉगरिजवर कलमं केली. २००६ला पहिला कंटेनर रॉटरडॅमला गेला. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस ऐन फुलोऱ्यात पडला, डाऊनी रोगाने निम्मे घड गेले. वाचले त्यांच्या जोरावर उभा राहत होतो तोच २०१०ला युरोपने क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपल्याकडची द्राक्षं अडवली. आपण ज्याला लिहोसिन म्हणतो तेच ते. बी.एस्सी.चं रसायनशास्त्र त्या वर्षी कामाला आलं. तेव्हापासून प्रत्येक फवारणीची तारीख, मात्रा आणि काढणीपूर्वीचे दिवस वहीत लिहितो. आज आठ एकर आहे. खुंट, माती, पाण्याचा रिपोर्ट वाचायचा असेल तर मला विचारा.’

शंभरच्या आसपास शब्द झाले. यात पद नाही, पुरस्कार नाही, तरी तीस वर्षांत त्या माणसाने काय सोसलं आणि काय शिकला ते कळतं. त्याची खरी सालं वेगळी असतील, ती त्याच्याकडूनच घ्या. तुमच्या बॅचमध्ये ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात गेलेला कोणी असेल तर त्यालाही असंच खोदून विचारा. ‘विविध विभागांत विविध पदांवर कार्यरत’ या ओळीत काहीच नाही. मिगच्या ओव्हरहॉलवरून सुखोईच्या जोडणीकडे कधी आलास, हातात येणारं काम कसं बदललं, असं विचारलं की तो अर्धा तास बोलेल.

न्यू जर्सीच्या मित्राचा मजकूर कापायचा आहे, पण त्याला कमी लेखायचं नाही. त्याने केलेलं त्याने केलं आहे आणि ते यायला हवं. दीड पान समोर घ्या. पहिली नोकरी ठेवा, आजची ठेवा. मधल्या सगळ्या पदांपैकी ज्या एका बदलाने आयुष्य हललं तो ठेवा, बाकीची खोडा. पुरस्कारांतला एक, तोही त्याने स्वतः निवडलेला. पदनामाचं मराठी करत बसू नका, त्याऐवजी तो दिवसभर काय करतो ते एका वाक्यात विचारून लिहा. मग जे बायोडेटात नसतं ते विचारा. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं पुढच्या शिक्षणासाठी तेव्हा चार वर्षांच्या पदवीची अपेक्षा धरत. मग त्याने ते अंतर कशाने भरून काढलं? इथे एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. करून गेला, की नोकरीवर गेला? ग्रीन कार्डसाठी किती वर्षं थांबला? आई-वडील इथे असताना ते कसं निभावलं? ही चार वाक्यं आली की ज्या वर्गमित्रांची मुलं आज तिकडे जायच्या तयारीत आहेत ते तोच मजकूर दोनदा वाचतील. कापलेला मजकूर त्याला पाठवताना ‘सगळ्यांना दीडशेच शब्द आहेत’ हे आधी लिहा. नियम सर्वांना एकच आहे हे दिसलं की लोक कापाकापी मान्य करतात. एकाला अडीचशे दिले तर पुढच्या आठवड्यात आणखी पाच जण अडीचशे मागतील.

साल आणि नावं तपासणं हे कंटाळवाणं काम आहे, पण स्मरणिका इथेच बिघडते. पहिलं, ‘१९९६ची बॅच’ म्हणजे काय ते ठरवा. शेवटच्या वर्षाची परीक्षा १९९६च्या उन्हाळ्यात झाली, पण पदवीदान पुढच्या वर्षी. म्हणून काहीजण १९९७ लिहितील. ज्यांचा एखादा विषय राहिला आणि ऑक्टोबरला सुटला त्यांच्या गुणपत्रिकेवर वेगळा महिना असेल. एटीकेटी लागून वर्षभर मागे राहिलेल्यांनाही बॅच म्हणजे हीच वाटते. नियम सरळ ठेवा, १९९३ला एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, जे सोबत बसले ते सगळे आपले. निकालाच्या सालावरून कोणालाही बाहेर काढू नका.

दुसरं, संस्थांची नावं. तीस वर्षांत निम्म्या पाट्या बदलल्या. तुमच्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे नाव २०१४चं. सातपूरच्या मायकोत लागलेला माणूस निवृत्त बॉशमधून होतो, कारण २००८ला कंपनीचं नाव बदललं. एमएसईबीत, म्हणजे राज्य वीज मंडळात, लागलेली मैत्रीण २००५च्या विभाजनानंतर महावितरण, महापारेषण किंवा महानिर्मिती यांपैकी कशात गेली ते तिलाच विचारा, अंदाजाने ‘महावितरण’ लिहू नका. टेलिफोन खात्यात लागलेले १ ऑक्टोबर २०००पासून बीएसएनएलमध्ये आहेत. देना बँकेत किंवा विजया बँकेत लागलेले १ एप्रिल २०१९पासून बँक ऑफ बडोदाचे झाले. हे न सांभाळता सरसकट आजची नावं लिहिली तर ‘१९९८ साली महावितरणमध्ये रुजू’ अशी वाक्यं छापली जातात. त्या वेळी जे नाव होतं ते लिहा आणि आजचं नाव पहिल्या उल्लेखाला एकदा कंसात द्या. शहरांनाही हेच. १९९६ला मद्रासला गेलेला आणि चेन्नईला गेलेला असे दोघे निघतील आणि दोघेही बरोबर असतील, कारण नाव त्याच वर्षी बदललं. अशा ठिकाणी मात्र आजचंच नाव ठेवून मोकळं व्हावं.

तिसरं, मुलींची नावं. आता त्या पन्नाशीच्या बाया आहेत, पण वर्गाला त्या माहेरच्या आडनावानेच आठवतात. यादी हजेरीच्या नावाने लावा आणि आजचं नाव त्याखाली द्या. उलट केलं तर शोधणाऱ्याला मैत्रीण सापडत नाही. एक्सेलमध्ये यादी करताना आडनाव, नाव आणि ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘अ‍ॅड.’ ही तीन वेगळ्या रकान्यांत ठेवा. एकाच रकान्यात लिहून अकारविल्हे लावलं की सगळे डॉक्टर एकत्र गोळा होतात. मोबाइलमध्ये सेव्ह केलेली नावंही तशीच उचलू नका, त्यात टोपणनावं असतात आणि इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी नाव उलटं लिहिलं जातं. पवार आणि पोवार, कुलकर्णी आणि कुळकर्णी, दोन्ही खरी आडनावं आहेत.

जे सापडतच नाहीत त्यांच्यासाठी कॉलेजच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या. जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाच्या वेळचं पूर्ण नाव, जन्मगाव आणि आधीची शाळा असते. पत्ता ते देणार नाहीत आणि देऊही नये, पण नावांची खातरजमा करून मिळू शकते. गाव कळलं की अर्धं काम झालं. सिन्नर, येवला, चांदवडसारख्या ठिकाणी आडनाव आणि कॉलेजचं साल सांगितलं की कोणीतरी भाऊ किंवा मेहुणा निघतो. त्याच्याकडून नंबर मागू नका. तुमचा नंबर तिकडे पोचवायला सांगा. ज्याला बोलायचं आहे तो फोन करेल.

नाव गाळ म्हणणाऱ्या मैत्रिणीकडे जरा थांबून बघा. तिला फोन करा, मेसेज नको. कारण विचारू नका. तिच्यापुढे तीन पर्याय ठेवा: फक्त हजेरीचं नाव, नाव आणि गाव, किंवा काहीच नाही. बऱ्याचदा ‘माझं नाव गाळ’ याचा अर्थ ‘माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही’ असा असतो, आणि नाव-गावाचा पर्याय दिला की ती माणसं सुटल्यासारखी हो म्हणतात. पण ती नाहीच म्हणाली तर नाव गाळा. दुसऱ्या मैत्रिणीला मध्यस्थी करायला पाठवू नका आणि ‘अगं एवढं काय’ म्हणू नका. तिच्या आयुष्यात काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही.

याच्याच जोडीला एक नियम आजच संपादनाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा: ज्याने जे स्वतः सांगितलं नाही ते छापायचं नाही. घटस्फोट, आजार, बंद पडलेला धंदा, गेलेली नोकरी, दुसरं लग्न, यातलं काहीही दुसऱ्याच्या तोंडून आलं तर ते ऐकून तिथेच सोडा, कौतुकाच्या सुरात असलं तरी. कॅन्सरवर मात केलेल्या मित्राचं धैर्य सगळ्यांना कळावं असं तुम्हाला मनापासून वाटेल. तरी त्याने लिहिलं नसेल तर ते त्याचं आहे. प्रत्येकाचा अंतिम मजकूर त्याला एकट्याला पाठवा, ‘हेच आणि एवढंच छापायचं आहे, चालेल का?’ असं विचारा आणि ‘चालेल’ असं उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पान पक्कं करू नका. ती उत्तरं जपून ठेवा.

हयात नसलेल्या तिघांची नावं वेगळ्या काळ्या चौकटीत नकोत असं मला ठामपणे वाटतं. हजेरीत जिथे होती तिथेच ती असू द्या, नावाखाली जन्म आणि मृत्यूचं साल. स्मरणिकेच्या सुरुवातीला तिघांची नावं एका ओळीत आली की पुरे. घरच्यांकडे माहिती मागण्याआधी बातमीची खात्री करा, निदान दोन वेगळ्या माणसांकडून, त्यातला एक नातेवाईक. ऐकीव बातमीवर ‘कै.’ छापलेला माणूस संमेलनाला समोर उभा राहिला तर ती चूक भरून काढता येत नाही. घरच्यांना फोन करताना आधी बॅचची ओळख द्या, मग फक्त दोन गोष्टी विचारा: नाव कसं लिहायचं आणि कोणता फोटो लावायचा. मजकूर मात्र वर्गातल्याच कोणाकडून लिहून घ्या, शक्यतो प्रॅक्टिकलच्या जोडीदाराकडून. पाच-सहा ओळी, आजाराचा किंवा अपघाताचा तपशील न देता. त्याचं अक्षर कसं होतं, टायट्रेशनला शेवटचा थेंब कसा टाकायचा, सुट्टीत सायकलने कुठे जायचा, असलं काहीतरी. छापण्याआधी तेही घरच्यांना दाखवा आणि संमेलनाच्या आधी प्रत घरी नेऊन द्या. पोस्टाने पाठवू नका.

आता तुमचं. ‘पाच वर्षं शिकवलं, सोडलं, आता शिकवण्या’ एवढ्यावर थांबलात म्हणून ते तुम्हाला रिकामं वाटतं. वरचे सहा प्रश्न स्वतःला विचारा. बी.एड. कोणत्या साली? तेव्हा ते एक वर्षाचं होतं. शाळा अनुदानित होती की विनाअनुदानित, पगार दर महिन्याला होत होता का? कोणत्या इयत्तांना काय शिकवलं? सोडलं तेव्हा घरात काय होतं, हे सांगायचं असेल तर अर्ध्या वाक्यात सांगा, नसेल तर ‘२००४ला नोकरी सोडली’ एवढं पुरतं. त्याला ‘घरगुती कारणाने’ असं शेपूट लावू नका, त्याने उगाच चौकशा वाढतात. मधली वर्षं रिकामी सोडू नका. त्या वर्षांत तुम्ही कोणाचं आजारपण काढलंत, घराचं कर्ज कसं फेडलंत, कोणाला वाढवलंत, ते तीस वर्षांच्या हिशेबातच येतं आणि बॅचमधल्या निम्म्या बायकांनी तेच केलं आहे. त्यांना ते छापलेलं दिसलं तर त्याही लिहितील. शिकवण्यांचं नेमकं लिहा: कितवीची मुलं, एका वेळी किती, आणि इतक्या वर्षांत गणित-विज्ञानात मुलं नेमकी कुठे अडतात. अपूर्णांकांच्या भागाकाराला अडतात की बीजगणितात चिन्ह बदलताना, हे तुमच्याइतकं बॅचमधल्या कोणालाच माहीत नसेल. शेवटची ओळ ‘दहावीच्या मुलाला विज्ञान जमत नसेल तर मला विचारा’ अशी करा. ‘फक्त’ आणि ‘साधीशी’ हे दोन शब्द मजकुरात कुठे राहिलेत का ते बघून खोडा. हाच मजकूर नमुना म्हणून आधी टाकायचा आहे.

वेळापत्रक उलट्या बाजूने मांडा. संमेलन डिसेंबरात, म्हणजे छापील प्रती त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हातात हव्यात. छपाई आणि बांधणीला बारा-पंधरा दिवस धरा, म्हणजे अंतिम फाइल २० नोव्हेंबरला. यंदा दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आहे. ऑक्टोबरभर संगणकावर पानं लावणारे डीटीपीवाले दिवाळी अंकांत आणि जाहिरातींत बुडालेले असतात, दिवाळीनंतर लग्नपत्रिका सुरू होतात. म्हणून डीटीपीवाल्याशी आत्ताच बोलून ऑक्टोबरचे आठ-दहा दिवस पक्के करा. पहिलं प्रूफ दिवाळीआधी, दुसरं भाऊबीज झाल्यावर. मजकूर घेणं गणपती बसायच्या आधी बंद. त्यानंतरचा महिना कापाकापी आणि संमतीसाठी लागतोच. द्राक्षवाल्यांना मात्र ऑगस्टमध्येच गाठा. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली की त्यानंतर डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी करत डिसेंबर उजाडतो आणि माणूस फोन उचलत नाही. न्यू जर्सीला रविवारी आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला फोन लावा, तिकडे सकाळचे दहा असतात.

ग्रुपवर चौथं आवाहन करू नका. प्रॅक्टिकलच्या बॅचप्रमाणे यादी पाडा, ए, बी, सी अशी, आणि प्रत्येक सात-आठ जणांमागे त्याच बॅचमधला एक फोन करणारा नेमा. ‘सर्वांनी पाठवा’ याला कोणी उत्तर देत नाही. ‘तुझंच राहिलंय’ याला देतात. तरीही ज्यांच्याकडून काही आलं नाही त्यांचं नाव आणि माहीत असेल तर गाव छापा. ‘माहिती उपलब्ध नाही’ असा शेरा मारू नका, नुसतं नाव शोभून दिसतं.

पानांचा हिशेब सोपा आहे. डेमी आकार, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. एका पानावर फोटोसकट दोन मजकूर नीट बसतात, ७४ जणांची ३७ पानं. अनुक्रमणिका, मनोगत, जुना वर्गफोटो धरून ४८ पानं, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा-सोळा पानांचे तीन फॉर्म. पानसंख्या सोळाच्या पटीत ठेवा, ५० पानं केलीत तर दोन पानांसाठी छपाईचं गणित आणि खर्च दोन्ही बिघडतं. आत ७० किंवा ८० जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो कागद, कव्हरला २५० जीएसएम आर्ट कार्ड, मधून पिन. एवढ्या पानांना चिकट बांधणीची गरज नाही. जाहिराती घ्यायच्या तर शेवटच्या पानांवर एकत्र. मित्राच्या मजकुराशेजारी त्याच्याच दुकानाची जाहिरात आली की मजकूर विकत घेतल्यासारखा दिसतो.

पासपोर्ट आकाराच्या फोटोला छपाईत निदान ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला, चारदा फॉरवर्ड झालेला आणि ग्रुप फोटोतून कापलेला चेहरा यात बसत नाही, छापून आला की धुरकट होतो. कार्डबोर्डवर चिकटवलेला जुना वर्गफोटो मोबाइलने टिपू नका, काचेतून काढून ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या आणि खाली नावं ‘बसलेले, डावीकडून’ अशी रांगेने द्या.

मराठी अक्षरांचा घोळ इथेच सांगून ठेवते. लोकांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप होतो त्या पद्धतीत, येईल आणि कितीतरी डीटीपीवाले अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. रूपांतर करताना रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्य’ तुटतो, ‘अ‍ॅ’च्या जागी चौकोन येतो. शक्य असेल तर इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टनेच पानं लावायला सांगा आणि परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर सुरू आहे ना ते विचारा. तो बंद असला की पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड मराठी लावूच देऊ नका.

प्रूफ दोघींनी मिळून वाचा, एकीने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसरीने छापील कागदावर बोट ठेवायचं. पडद्यावर नाही, कागदावर. मजकूर एकदा, नावं आणि सालं दुसऱ्यांदा वेगळी. सालं अंक सुटे करून वाचा, ‘दोन शून्य शून्य नऊ’ असं, नाही तर २००६ आणि २००९ डोळ्यांना सारखेच वाटतात. आणि फोन नंबर स्मरणिकेत छापूच नका. त्यांचा वेगळा कागद करा, ज्यांनी होकार दिला तेवढ्यांचाच, आणि तो संमेलनाच्या दिवशी हातात द्या. स्मरणिकेची पीडीएफ दोन दिवसांत कुठल्या कुठे जाते. पूर्ण नाव, गाव, नोकरी, फोटो आणि मोबाइल नंबर एकत्र मिळाला की फसवणुकीचे फोन करणाऱ्याला आणखी काही लागत नाही.